वाऱ्याचं अर्धं गाणं

जळगावच्या चर्चासत्रात हेमांगीने पडद्यावर शेवटचं चित्र लावलं, तशी सभागृहातली कुजबुज थांबली. चित्रच तसं होतं. रक्तवाहिनीला आतून जे अस्तर असतं त्याच्या पेशी, काचेच्या ताटलीत वाढवलेल्या, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलेल्या. डावीकडच्या पेशींमध्ये हिरवे धागे कसे एका अंगाने ताणलेले, धाब्याच्या घराचे सरे, छताची आडवी लाकडं, एकाला एक लावून टाकावेत तसे. उजवीकडे तेच घर बसलेलं. धागे तुटून त्यांच्या गुठळ्या झालेल्या, आणि ऐसपैस पसरलेली पेशी आकसून वाटाण्याएवढी गोल.

दोन्ही ताटल्यांना वायू एकच दिला आहे, तिने सांगितलं. नायट्रिक ऑक्साइड. आपलं शरीर तो स्वतःच बनवतं, चिमूट-चिमूट, नसा सैल राहाव्यात म्हणून. डावीकडे चिमूट पडली, उजवीकडे मूठ. मूठ पडली की पेशीचा आतला सांगाडा मोडतो. आणि पेशीच्या अंगावर जे रिसेप्टर असतात, बाहेरचा सांगावा ऐकणारे, ते ती आत ओढून घेते. मग दारात कोणी कितीही हाका मारल्या तरी तिला ऐकू जात नाही.

मागच्या रांगेतून कोणी विचारलं, मग हा वायू चांगला की वाईट?

"तसं नाही विचारायचं," हेमांगी हसून म्हणाली. "किती, ते विचारायचं."

टाळ्या पडल्या. धुळ्याच्या महाविद्यालयात शिकवता शिकवता ती हे संशोधन करत होती, आणि आज पहिल्यांदाच इतक्या लोकांनी ते मन लावून ऐकलं होतं. खाली बसल्यावर तिने फोन पाहिला. रत्नावहिनीचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक.

रत्ना म्हणजे तिच्या धुरपदाफुईची सून. फुई म्हणजे वडिलांची मोठी बहीण, सोनगीरला दिलेली. रत्ना फोनवर हळू बोलत होती, माणसांत उभं राहून बोलतात तशी. आईंना धुळ्याला दवाखान्यात आणलंय. काल सकाळपासून छातीत कळ होती, दुपारपर्यंत कोणाला बोलल्याच नाहीत. आता बऱ्या आहेत, पण डॉक्टर जिभेखाली ठेवायची गोळी देतात ती त्या घेत नाहीत, तोंड मिटून घेतात. पुन्हा कळ आली तर काय करायचं, असं सिस्टर विचारतात.

"ताई, तुम्ही या. तुमचंच ऐकतील त्या."

हेमांगीने पिशवी उचलली आणि बसस्थानक गाठलं.

एरंडोल मागे पडलं. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटली होती, वेचणाऱ्या बायांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या. जिभेखालची गोळी फुईला काही नवी नव्हती. चढ चढली, पाण्याचा हंडा उचलला की तिची छाती आवळायची. कमरेच्या पिशवीतून डबी काढायची, गोळी जिभेखाली ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची. मग आताच तोंड का मिटलं? हेमांगी बाहेर बघत राहिली. पारोळ्याच्या अलीकडे तिला आखाजी आठवली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. फुईचं आणि हेमांगीचं माहेर एकच, पांझरेच्या काठचं. पंचाहत्तरीकडे झुकलेली फुईही त्या दिवशी लेक होऊन येते, आणि निंबाच्या झोक्यावर पहिला मान तिचा. दुपार कलली की दोन्ही थडीच्या बाया नदीत उतरतात. वैशाखात पाणी कुठलं, वाळूच असते. या थडीने एक गाणं फेकायचं, त्या थडीने त्याला उलट गाणं द्यायचं. त्यात शिव्या असतात, उखाळ्यापाखाळ्या असतात, आणि एरवी जे बोलता येत नाही ते सगळं असतं. वर्षभर गप्प राहिलेल्या गळ्यांना तेवढीच मोकळीक.

या आखाजीला पलीकडच्या बायांनी हेमांगीलाच धरलं. धुळ्याची मास्तरीण दिवसभर काचेत डोळा घालून बसते, तिला तिथं काय दिसतं, उवा का लिखा, असं गाऊन त्यांनी विचारलं. अलीकडच्या बाया हसून हसून वाळूत बसल्या. फुईने कमरेवर हात ठेवला आणि भाचीकडे पाहिलं. त्या बघण्यात सगळ्या माहेराची लाज होती.

हेमांगीने लहानपणी फुईच्याच मांडीवर गाणी ऐकली होती. चाल तिच्या अंगातच होती. तिने क्षणभर डोळे मिटले आणि रोज काचेत दिसणारं ते कोसळलेलं घर गळ्यातून बाहेर आलं:

*वारा शिरना घरमा, वाजा करना नही,*
*मोडनात सरा माय, कोनले कयनं नही.*
*वारा शिरना घरमा, कड्या खेची लिध्या,*
*पाव्हना उना दारशी, हाका वाया गया.*

न वाजता घरात शिरलेला वारा. कोणाला न कळता मोडलेले सरे. आत ओढून घेतलेल्या दाराच्या कड्या आणि हाका मारून परत गेलेला पाहुणा. पलीकडची थडी गप्प झाली. एक बाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. अशी शांतता त्या वाळूत कधी कोणी ऐकली नव्हती.

पुढची ओळ हेमांगीच्या ओठांवर होती. *थोडासा वारा भला माय, जीव व्हस मोकया.* थोडा वारा चांगला, त्याने जीव मोकळा होतो. ती ओळ विसरली नव्हती ती. चालीत बसत नव्हती असंही नाही. पण समोरची ती शांतता इतकी गोड लागली, की ती मोडवेना. भीती गळ्यात जशी बसते तशी माया बसत नाही, हे गाणाऱ्याला लगेच कळतं. तिने ओळ गिळली.

इथवर असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी फुई चुलीपुढे बसून खापरावर मांडे टाकत होती. मांडा उलटता उलटता तिने विचारलं, "हेमा, हाई तीच का वं हवा? मनी गोईमाधली?"

कारण दिवाळीत हेमांगीनेच तिला कौतुकाने सांगितलं होतं, की फुई, तुझ्या गोळीतून शरीरात जो वायू सुटतो ना, त्याच्यावरच माझं काम चाललंय.

"हो फुई, तीच," हेमांगी म्हणाली होती. आणि बाहेर कोणीतरी फोनवर तिचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं, सगळ्या बाया जमल्या, म्हणून ती उठून ओट्यावर गेली. फुई चुलीपुढे एकटी राहिली. तिचा हात थांबला होता का? मांडा करपला होता का? हेमांगी आता आठवून बघत होती आणि तिला चुलीचा जाळ तेवढा दिसत होता.

जळगावला एका अनोळखी माणसाला तिने किती छान उत्तर दिलं होतं. चांगला की वाईट विचारायचं नाही, किती ते विचारायचं. ज्या बाईने गाणं शिकवलं तिला एवढं एक वाक्य द्यायला तिला सवड झाली नव्हती.

दवाखान्याच्या जिन्यावर फुईचा मुलगा नवल उभा होता. शर्ट कालचाच. त्याच्यामागे बाकावर त्याची चुलती बसली होती, आणि तिचं बोलणं चालूच होतं. सासू छाती धरून बसली तर सुनेला दुपारपर्यंत पत्ता नाही. कमरेच्या पिशवीत गोळी आहे की संपली, एवढंही हिला बघता आलं नाही. हिच्या माहेरी, तिकडे केळीच्या मुलखात, म्हणे सासवांना असंच सांभाळतात. रत्ना भिंतीशी डबा धरून उभी होती. डब्याच्या झाकणाला कडेने भाजी लागली होती, ती बोटाने पुसत होती.

नवलही तिच्यावरच चिडला होता. तो हेमांगीला म्हणाला, की पिशवीत डबीच नव्हती. "आन म्हनं व्हतं मी इले. संपनी तं दुसरी आन. एवढंसं काम."

हेमांगीने तोंड उघडलं. मग विचारलं, की डॉक्टर काय म्हणाले.

डॉक्टर समजूतदार होते. आतली नस आधीच अरुंद झालेली होती, कधी ना कधी हे होणारच होतं, असं ते तिला म्हणाले. गोळी घेतली असती तर झटका टळलाच असता असं नाही. पण गोळीने कळ थांबली नाही की माणूस लगेच दवाखान्यात येतो. यांनी घेतलीच नाही, त्यामुळे वेळ गेला. आणि यापुढे जवळ ठेवावीच लागेल.

ते पहिलं वाक्य हेमांगीने घट्ट धरलं. कधी ना कधी होणारच होतं. त्या वाक्याच्या आड एक माणूस आरामात उभा राहू शकला असता. ती थोडा वेळ उभीही राहिली. चुलती बोलत होती, रत्ना झाकण पुसत होती, आणि हेमांगी गप्प होती.

मग रत्ना चहा आणायला खाली निघाली, तशी तीही मागोमाग गेली. टपरीवर दोघी उभ्या राहिल्या. चहा उकळत होता.

"वहिनी, डबी खरंच संपली होती?"

"भरलेली आहे," रत्ना म्हणाली. "मसाल्याच्या डब्यामागे आहे. आखाजीहून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः ठेवली."

हेमांगीला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण रत्ना आता थांबणार नव्हती. सासूने तिला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं, की या गोळीत घर पाडणारा वारा आहे. हेमाने काचेत डोळ्यांनी बघितलाय. माझं घर आधीच जुनं. पण नवलला बोलू नको. तो तिकडे जाऊन भांडेल, आणि माझ्या माहेराचं नाव जाईल. मग सुनेचा हात आपल्या डोक्यावर ठेवून तिला शपथ घातली होती.

"मी म्हटलं, आई, एकदा ताईंना फोन करून विचारू. तर म्हणाल्या, भाचीला खोटं पाडायला निघालीस का?"

"आणि तुम्ही वरती एवढं बोलणं खाताय."

रत्नाने पेल्यांत चहा ओतून घेतला. "खाल्लं. मलाही माहेर आहे, ताई. फैजपूरला. उद्या माझ्या भाचीकडून काही झालं तर मीही झाकीनच." मग थोडं थांबून, न हसता, ती म्हणाली, "गाणं मात्र छान आहे हो तुमचं. आमची मंदाबाईमावशी आली होती गणपतीत, तिनेही आईंकडून शिकून घेतलं."

त्या दोघी वर पोहोचल्या तेव्हा वॉर्डात गडबड होती. फुईची छाती पुन्हा आवळली होती. खाटेच्या काठाला धरलेली बोटं पांढरी पडलेली. सिस्टर गोळी घेऊन वाकली होती, नवल आईच्या पायाशी उभा राहून विनवत होता, आणि फुईने ओठ असे मिटले होते जसे काही दार आतून लावून घेतलंय.

"फुई," हेमांगी म्हणाली. "फुई, ले ना गोळी."

फुईने डोळे वळवले. भाचीला बघून त्या दुखण्यातही तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं ऊन पडलं. "तुच तं गायनी व्हती," ती श्वास तोडत म्हणाली. "सरा मोडतस म्हने. मना घरना सरा आते शेतस तरी कितला?"

"कोण काय गायलं?" नवलने विचारलं.

रत्नाने हेमांगीकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको म्हणून. हेमांगी नवलकडे वळली.

तिने नवलला सांगितलं. आखाजीचं गाणं, खापरावरचा मांडा, फुईचा प्रश्न, आपलं उत्तर. डबी भरलेली आहे आणि ती कुठे आहे. रत्नावहिनीला शपथ घातली होती. तिची काही चूक नाही, चूक माझी. चुलती दारात येऊन उभी राहिली होती, शेजारच्या खाटेवरची बाईही ऐकत होती. हेमांगीचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा राहिला नाही.

फुईच्या चेहऱ्यावरचं ऊन गेलं.

"तं मंग ते गानं खोटं शे का?"

"खोटं नही, फुई. अर्धं शे."

"आनि उरेल अर्धं?"

"थोडा वारा चांगला असतो. तुझी गोळी म्हणजे तो थोडा वारा. मी काचेत बघते तो फार असतो, मुद्दाम ओतलेला. ते मी गायले नाही."

"काबर?"

किती साधा प्रश्न होता. जळगावच्या सभागृहात कोणी तो विचारला नसता. हेमांगीने खाटेची पट्टी धरली.

"अर्ध्यामाच लोके गप बसनात, फुई. माले बरं वाटनं."

फुई तिच्याकडे बघत राहिली. गाणारी बाई होती ती. समोरची थडी गप्प होते तेव्हा गळ्याला काय होतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. कदाचित म्हणूनच तिच्या नजरेत राग आला तो इतका ओळखीचा होता. तिने तोंड उघडलं.

हेमांगीने सिस्टरच्या हातून गोळी घेतली आणि फुईच्या जिभेखाली ठेवली. बोटाला तिची कोरडी, ऊन जीभ लागली.

गोळी विरघळेपर्यंत फुईला बोलायचं नव्हतं, आणि ती बोलल्याशिवाय बाकीच्यांनाही. नवलने रत्नाच्या हातातला डबा घेतला. घेतला आणि कुठे ठेवावा ते न कळून तसाच धरून उभा राहिला. चुलती दारातून एवढंच म्हणाली, की शिकलेल्यांपुढे आपण काय बोलणार बाई, आणि बाकावर जाऊन बसली. ते वाक्य हेमांगीच्या अंगावर आलं आणि तिने ते येऊ दिलं. फुईचा हात चादरीवरून सरकत आला, भाचीचं मनगट सापडलं, आणि तिने तिथं असा चिमटा काढला की हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी गाण्यात ओळ चुकली की असाच चिमटा मिळायचा.

हळूहळू खाटेच्या काठावरची बोटं सैल झाली. त्यांत रक्त परत आलं. आत कुठेतरी एक अरुंद वाट थोडी रुंदावली असेल, हे हेमांगीला पुस्तकातून पाठ होतं. घडताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"नाक कापं तू आज माहेरनं," फुई शेवटी म्हणाली. "या लोकेस्ना पुढे."

"हो, फुई."

"रत्नानी शपथ बी मोडी."

"त्यांनी नाही मोडली. मी मोडली."

फुईने डोळे मिटले. गोळीने डोकं दुखतं, तिचंही दुखत असावं. आता ती झोपेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती मिटल्या डोळ्यांनीच बोलायला लागली. आखाजीपासून हे गाणं ती सगळीकडे गात आली होती. शेतात निंदायला गेली तिथं गायली, लग्नघरी हळद दळताना गायली. माझ्या भाचीने काचेत बघून बांधलेलं, असं सांगून गायली. बायांनी ते उचललं. कोणत्या बाईच्या पिशवीत डबी आहे, ते तिने कुठे विचारलं होतं?

"फैजपूरवाली मंदाबाई," ती म्हणाली आणि तिचे डोळे उघडले. "ती बी ठेवस ना जीभखाले?"

रत्नाचा हात गळ्याशी गेला. हो, ठेवते. गणपतीत आली तेव्हा पिशवीत होती. पुढचं कोणाला माहीत नव्हतं.

रत्नाने नंबर लावून दिला. तिकडे मंदाबाईच्या सुनेने उचलला. मावशी बागेत गेल्यात, केळीची कटाई चालू आहे, ट्रक उभा आहे, ती सांगत होती. हेमांगीने विचारलं, त्या जिभेखालची गोळी घेतात का अजून? सून म्हणाली, पूर्वी घ्यायच्या, हल्ली दिसत नाही घेताना, बऱ्या झाल्या असतील. "मारू का हाक?"

"मारा. लवकर मारा."

फोन तिकडे कुठेतरी ठेवला गेला. ओ मावशी, अशी हाक ऐकू आली. मग थोडी दूर गेलेली, पुन्हा एक. केळीच्या पानांची सळसळ, ट्रकच्या फाळक्याचा आवाज, आणि पुन्हा हाक. उत्तर नाही. हेमांगी फोन कानाला दाबून उभी होती. दाराशी उभ्या राहिलेल्या पाहुण्याला काय वाटलं असेल, हे त्या ओळी बांधताना तिने मनात आणलं नव्हतं.

आणि मग पानांच्या पलीकडून, लांबून, सावकाश चालत येणाऱ्या बाईचा आवाज आला. ती ओ देत नव्हती. ती गातच येत होती. चाल तीच होती, बोली फैजपूरकडची झाली होती, आणि शेवटी दोन ओळी जास्त होत्या, हेमांगीच्या नसलेल्या. त्या पहिल्यांहूनही भेसूर होत्या आणि फार सुंदर होत्या.

"उनी का?" फुईने विचारलं.

हेमांगीने होकारार्थी मान हलवली. गाणं जवळ येत होतं. तिच्या ओठांवर ती गिळलेली ओळ आली, चालीसकट, आयती. थोडासा वारा भला माय. तिने श्वास घेतला, आणि फुईने तो घेताना ओळखला.

"गाईसन नको," फुई म्हणाली. "नुसतं सांग."